दाजी, गाडी थरथरतीय

गाडी सुरू होत नाही, टायर बसला, एसी गार करत नाही, या तक्रारी सांगायला सोप्या. ऐकणारा 'अरेरे' म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. पण 'ब्रेक मारला की गाडी थरथरते' असं चारचौघांत म्हणून बघा. समोरचा हातातलं काम बाजूला ठेवतो. कारण या दुखण्यावर प्रत्येकाकडं औषध असतं आणि ते गाडी न बघता देता येतं.

आमच्या कोल्हापुरात तर हा विषय चहाच्या गाड्यावर काढायची सोय नाही. इथं घरटी कुणी ना कुणी उद्यमनगरात लेथवर उभा राहिलेला असतो, नाहीतर शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत घाम गाळून आलेला. लोखंडाबद्दल बोलताना कोल्हापूरकर माघार घेत नाही. (तसा तो कशाबद्दलच घेत नाही, पण लोखंडाच्या बाबतीत त्याला अधिकार तरी आहे.) मी स्वतः निवृत्त होईपर्यंत फाउंड्रीच्या क्वालिटी खात्यात होतो. बिडाचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघण्यात डोळे घालवले. त्यामुळं सासुरवाडीत लोखंडाच्या कुठल्याही वस्तूला काही झालं की फोन मला येतो, मग तो डोसा चिकटणारा तवा का असेना.

"दाजी, गाडी थरथरतीय," मेव्हणा म्हणाला.

"कधी?"

"झाले की पंधरा-वीस दिवस."

मला विचारायचं होतं ते वेगळंच. किती वेगाला थरथरते, ब्रेकवर पाय असताना की नसतानाही, गार असताना की घाट उतरून आल्यावर, थरथर हाताला लागते की बुडाला. बरंचसं निदान या एवढ्या प्रश्नांत होऊन जातं. पण उत्तरं देणाऱ्यांच्या गर्दीत प्रश्न विचारायला सवड कुणाला? मी पुन्हा विचारेपर्यंत मेव्हण्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तज्ज्ञांची समिती बसलीसुद्धा होती.

समितीनं सगळ्यात आधी बॉनेट उघडलं. ब्रेकच्या डिस्क चाकात असतात. बॉनेटखाली ब्रेकचं म्हणावं असं काय, तर ब्रेक ऑइलची बाटली आणि मागं चिकटलेला मास्टर सिलिंडर; दोघांनाही थरथरायचं कारण नाही. पण बॉनेट उघडल्याशिवाय गाडीच्या दुःखात सहभागी झाल्यासारखं वाटत नाही. चौघं जण कमरेत वाकून बंद इंजिनाकडं बराच वेळ बघत होते. मग एकानं मडगार्डवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली, सोडली, आणि "शॉकॲब्सॉर्बर गेले" असं जाहीर केलं. दुसऱ्यानं पुढच्या टायरला लाथ मारली. लाथ मारल्यावर टायर काय सांगतो हे मला आजवर कळलेलं नाही, पण मारणाऱ्याचं समाधान झालेलं दिसलं. वरच्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले काका मात्र गाडीपासून चार हात लांब उभे होते. त्यांनी तिथूनच निकाल दिला, "काही नाही, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घ्या."

आपल्याकडं हे दोन शब्द नेहमी एका दमात म्हटले जातात. काम मात्र दोघांचं वेगळं. चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का हे बघणं म्हणजे बॅलन्सिंग. नसेल तर रिमला चार-चार, पाच-पाच ग्रॅमची वजनं ठोकतात किंवा चिकटवतात. एवढ्याशा वजनानं काय होतंय, असं वाटेल. पण छोट्या गाडीच्या रिमवर एका बाजूला 20 ग्रॅम जास्त झालं, तर ताशी 100 किलोमीटरला ते चाकाला साडेतीन किलोच्या जोरानं हिसका देतं, आणि तोही सेकंदाला 15 वेळा. वेग निम्मा केला की हिसका पाव होतो. म्हणून बिंदू चौकात काही कळत नाही आणि हायवेला लागलं की स्टिअरिंग हाताला गुदगुल्या करायला लागतं. पण मुद्दा असा की ही थरथर ब्रेकची वाट बघत नाही. पाय कुठंही असो, वेग आला की ती येणार. आणि अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं झिजतो, थरथरत नाही. तेव्हा फक्त ब्रेक मारल्यावर थरथरणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे दोघंही निर्दोष.

तरी ती गाडी पहिल्यांदा जाते टायरवाल्याकडंच. तिथं बोर्डावर 'कॉम्प्युटराइज्ड' लिहिलेलं असतं, आणि स्क्रीनवर आकडा दिसला की आपल्या माणसाला अर्धं बरं वाटतं. मेव्हणाही जाऊन आला. टायरवाल्याच्या पोरानं चारही चाकं काढली, फिरवली, वजनं ठोकली, आणि हवेच्या गननं टर्रर्र-टर्रर्र करत नट असे आवळले की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर आला. एक काम मात्र पोरानं मनापासून केलं. टायर आतल्या अंगानंही फिरवून बघितले. पुणे रस्त्याचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून कुठला डायव्हर्शन कुठल्या खड्ड्यात उतरवेल याचा नेम नाही. त्यात आपटून टायरच्या कडेला टेंगूळ आलं असेल तर बाकी सगळी चर्चा थांबवून आधी तो टायर बदलावा. तसलं काही निघालं नाही. गाडी सरळ धावायला लागली आणि ब्रेक मारल्यावर पूर्वीइतक्याच निष्ठेनं थरथरायला लागली.

मग फिटर. फिटरच्या शब्दकोशात बुश हा एक शब्द अधोरेखित केलेला असतो. "लोअर आर्मचे बुश गेल्यात," त्यानं चाकाखाली टॉर्च मारून सांगितलं. बुश खरंच थोडे गेलेही होते. पण बुश रबराचा. त्याला स्वतःहून थरथरता येत नाही. थरथर दुसरीकडं जन्माला येते, बुश धड असला तर वाटेत बरीचशी जिरते, आणि सैल असला तर वाढून हातापर्यंत पोचते. बुश बदलल्यावर फरक पडतो तो यामुळं. गाडी निम्मी थरथरते, मालक खूश, फिटर जिंकला, आणि मूळ रोग आत निवांत बसून राहतो. निम्मं बरं वाटणं हे निदानाच्या दृष्टीनं फार वाईट. तिथून पुढं माणूस ऐकायला तयारच होत नाही.

मेव्हणाही तयार नव्हता. नवे बुश घालून तो सहकुटुंब कोकणात निघाला, आणि मला बरोबर घेतलं. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा आणि वैभववाडीला चहा घ्यायचा, असा बेत. पुढं मेव्हण्याशेजारी माझे सासरे. मामांची सगळी नोकरी एसटीत गेली, चालक म्हणून. एसटीतून निवृत्त झालेला माणूस दुसऱ्याच्या गाडीत प्रवासी म्हणून बसू शकत नाही. त्याचा उजवा पाय सतत खाली काहीतरी शोधत असतो.

घाट लागला. मेव्हणा चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, गाणी ऐकत उतरत होता.

"गिअर खाली टाक," मामा म्हणाले.

"आप्पा, पॉवर ब्रेक हाय ह्याला."

"ब्रेक थांबायला असतोय. उतरायला गिअर. ज्या गिअरनं चढशील त्याच गिअरनं उतरायचं."

हे वाक्य मामांनी किती प्रवाशांच्या जिवावर सिद्ध केलेलं असेल कोण जाणे, पण त्यामागं हिशेब आहे. माणसं आणि बॅगा धरून 1300 किलोची गाडी 500 मीटर खाली उतरली की 64 लाख ज्यूल ऊर्जा कुठंतरी जायला हवी. वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून उतरलात तर त्यातली बहुतेक उष्णता होऊन चाकातल्या बिडात शिरते. तेवढ्यात 20 लिटर गार पाणी उकळलं असतं. म्हणजे आपल्याकडं सकाळी पेटवतात तो बंब चार चाकांना वाटून बांधायचा आणि वळणं घेत खाली जायचं. खालचा गिअर टाकला की यातलं बरंचसं ओझं इंजिन उचलतं, फुकटात.

निम्मा घाट संपला तसा करपल्याचा वास आला. मामींना वाटलं रस्त्याकडेला कुणीतरी पालापाचोळा पेटवलाय. वैभववाडीच्या अलीकडं सरळ रस्ता मिळाला, मेव्हण्यानं वेग घेतला, पुढं म्हशी आडव्या आल्या म्हणून ब्रेक मारला, आणि स्टिअरिंग त्याच्या हातात थडथडायला लागलं. डॅशबोर्डवर चिकटवलेल्या गणपतीपुढचं प्लास्टिकचं जास्वंद गदागदा हललं. मामींनी हात जोडले. मी मागं बसून दुसरंच मोजत होतो. वेग उतरत गेला तशी थडथड सावकाश होत गेली. थडथडथड, थड थड, मग थड... थड. म्हणजे ती चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली. आणि माझ्या बुडाखालची सीट जवळजवळ शांत. म्हणजे रोग पुढच्या चाकांत.

ही खूण कुणालाही वापरता येते. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढं बघा. सीट, सगळं अंग थरथरत असेल तर मागं बघा. पायाखालचा पेडल दर फेरीला पाय मागं ढकलत असेल तर डिस्कची जाडी कुठंतरी कमीजास्त आहे, किंवा मागचा ड्रम गोल राहिलेला नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं डिस्क, मागं ड्रम, आणि हँडब्रेकची तार मागच्या ड्रमलाच जाते. तेव्हा मागचा संशय असेल तर मोकळा, सरळ, कोरडा रस्ता बघून ताशी 40 च्या आसपास हँडब्रेकचं बटण दाबून धरायचं आणि दांडा हळूहळू ओढायचा. थरथरली तर ड्रम. (बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. आणि मागं एसटी असताना कुणीच करू नये.)

चहाच्या टपरीपाशी मेव्हण्यानं गाडी उभी केली, हँडब्रेक करकचून ओढला आणि मामा ओरडले. तापल्या ड्रमला आतून शू दाबून धरले की ड्रम गार होता होता तसाच अंडाकृती बसण्याचा धोका. तापल्या डिस्कवर पाय दाबून थांबून राहिलं की पॅडचा लेप तेवढ्याच जागी चिकटतो. मामांनी यातलं एवढं काही सांगितलं नाही. ते म्हणाले, "हँडब्रेक सोड, गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव." अलॉय व्हीलच्या, सनरूफच्या गाडीला दगड! मेव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तोवर टपरीवाल्याचा पोरगा मदतीला म्हणून बादली घेऊन चाकावर पाणी ओतायला आला होता, त्यालाही मामांनी पिटाळलं. बीड तापलेलं असताना गार पाणी ओतलं तर ते चिरफाळू शकतं, हे माझ्या खात्यातलं ज्ञान. पण एसटीच्या माणसाला ते माझ्याआधी माहीत होतं.

परत आल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. इथं सांगायला हवं की काही महिन्यांपूर्वी याच सेंटरनं याच तक्रारीवर पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड नवे घातले होते. चार-पाच महिने गाडी गप्प होती. आता पुन्हा. टॅब हातात घेतलेल्या सल्लागारानं मेव्हण्याला शेजारी बसवून सर्व्हिस रोडनं ताशी 30 च्या वेगानं एक चक्कर मारली. गाडी अजिबात थरथरली नाही. मेकॅनिक शेजारी बसला की गाडी शहाण्यासारखी वागते, असं लोक म्हणतात. त्यात गाडीचा काही गुण नाही. ब्रेक गार, वेग कमी, थरथर येणार कुठून? जॉब कार्डवर 'कंप्लेंट नॉट ऑब्झर्व्ह्ड' असं आलं. आणि तक्रार दिसलीच नाही म्हटल्यावर खर्च काही नसावा, तर त्याखाली अंदाजपत्रक: डिस्क दोन, पॅड एक सेट, लिंक रॉड, टाय रॉड एंड, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि केबिनमध्ये मारायचा सुवास मोफत.

"डिस्क वाकडी झाल्यात, सर," सल्लागार म्हणाला.

आता माझ्यातला क्वालिटीवाला जागा झाला. वाकडी डिस्क हा जगभर बोकाळलेला समज आहे. कॅरोल स्मिथ नावाचे अमेरिकन रेसिंग इंजिनिअर होते, 1966 साली ल मांची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या फोर्डच्या जीटी40 च्या कामात त्यांचा हात होता. त्यांनी लिहून ठेवलंय की इतकी वर्षं शर्यतींत काढून खरोखर वाकडी झालेली डिस्क त्यांना दिसली नाही. जिला लोक वाकडी म्हणतात ती बहुधा जाडीला असमान झालेली असते. एक तर पॅडचा लेप एखाद्या जागी जास्त चिकटतो. ती जागा जास्त तापते, साडेसहाशे अंशांच्या पुढं गेली की त्या ठिकाणी बिडाचं सिमेंटाइट होतं, आणि सिमेंटाइट कडक. आजूबाजूचं झिजतं, ते झिजत नाही. उंचवटा वाढत जातो. वरवर लेथ मारला तरी आतलं शिल्लक राहिलेलं पुन्हा डोकं काढतं. दुसरा प्रकार त्याच्या उलट, एखादी जागा जास्त झिजून पातळ होते. किती फरक पुरतो? 15-20 मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या पाव जाडीवर चार माणसांची समिती, टायरवाला, फिटर आणि सर्व्हिस सेंटर जगतंय.

हे मी सल्लागाराला सांगितलं. तो नम्रपणे ऐकून म्हणाला, "हो सर, म्हणूनच चेंज करायला लागतंय." यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

तिथंच आणखी एक गृहस्थ तावातावानं भांडत होते. गाडी नवी, आणि पावसात मातीवर जोरात ब्रेक दाबला तर पेडल घरघर करत पायाला धक्के देतो, हा उत्पादनातला दोष, गाडी बदलून द्या. तो एबीएस होता. घसरड्या रस्त्यावर चाक अडकू नये म्हणून ती यंत्रणा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडते-धरते, ते पायाला कळतं. 2019 पासून आपल्याकडं नव्या मोटारींना ती सक्तीची आहे, पण ती चालते कशी हे गाडीची किल्ली देताना हार घालणारं कुणी सांगत नाही. लोक घाबरून नेमक्या त्याच क्षणी पाय उचलतात. उचलू नका, दाबून धरा आणि स्टिअरिंग वळवा, त्यासाठीच ती आहे. त्या गृहस्थांना हे सांगायला गेलो तर त्यांनी मला कंपनीचा माणूस ठरवलं.

अखेर गाडी उद्यमनगरात आली. तिथल्या एका बोळात जुने टर्नर आहेत, सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. अर्धा शटर वर असलेलं दुकान, आत एक जुना लेथ, भिंतीवर महालक्ष्मी आणि तिच्या शेजारी हुकाला टांगलेलं कॅलेंडर. मिस्त्रींनी चाकाला लाथ मारली नाही, बॉनेट उघडलं नाही. मेव्हणा सगळी हकीकत सांगत होता, तीही त्यांनी मध्येच थांबवली.

"डायल लावल्याबिगर बोलायचं न्हाई."

पुढचं चाक काढलं. त्याच्या नटांनी पान्याला इतका वेळ लावला की मिस्त्रींनी "कुणी आवळल्यात हे?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पाइपचा तुकडा पान्यावर चढवला. चाक निघाल्यावर डिस्क सैल राहते, म्हणून नट वॉशर घालून पुन्हा हातानं आवळले. लोहचुंबकाच्या बुडावर डायल गेज उभं केलं, त्याचं टोक डिस्कच्या काठाच्या आत, पॅड घासतो तिथं टेकवलं, आणि हातानं डिस्क सावकाश फिरवली. काटा उजवीकडं गेला, परत आला. एका फेरीत 9 घरं. एक घर 10 मायक्रॉनचं, म्हणजे 90. मेव्हण्यानं चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. "बघा, वाकडी!" तो जवळजवळ आनंदानं म्हणाला.

मिस्त्रींनी खडूनं डिस्कवर आणि हबवर एक खूण केली आणि डिस्क उतरवली. मागं हबचा सपाट तोंडवळा. त्यावर दोन बोल्टांच्या मध्ये, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, गंजाची एक काळपट खपली बसलेली होती. नखानं निघेना. गगनबावड्याचा पाऊस, चाकात शिरणारं पाणी, वर्षानुवर्षं. मिस्त्रींनी आधी वायर ब्रश, मग पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन हब घासला, बोट फिरवलं, परत घासला. डिस्कची आतली बाजू पुसली. खडूच्या खुणेवर खूण जुळवून डिस्क पुन्हा चढवली, डायल लावलं, फिरवली.

2 घरं.

डिस्क तीच, जागा तीच. गेलं काय, तर एक खपली. हबचा व्यास साधारण 140 मिलिमीटर, डिस्कचा 250. हबच्या कडेला 50 मायक्रॉनची खपली अडकली की डिस्क तेवढी तिरकी बसते आणि काठापर्यंत जाता जाता तिचं हेलकावणं 90 पर्यंत पोचतं. त्यानं लगेच थरथर येत नाही, हीच यातली मेख. तिरकी बसलेली डिस्क, ब्रेकवर पाय नसतानाही, दर फेरीला एकाच ठिकाणी पॅडला जरा घासून जाते. मिनिटाला शेकडो फेऱ्या. चार-पाच महिन्यांत तेवढी जागा काही मायक्रॉननं झिजते, आणि मग एक दिवस 'दाजी, गाडी थरथरतीय'. तोवर डिस्क घालणाऱ्याचं बिल जुनं झालेलं असतं आणि सगळे म्हणतात, हल्ली स्पेअर पार्टमध्ये दम राहिला नाही.

मायक्रोमीटर लावून मिस्त्रींनी डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. 25 मायक्रॉनचा फरक निघाला. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या बरीच वर होती. दोन्ही अंगांनी अगदी हलका हात मारून दिला. कॅलिपरच्या पिना ओढून बघितल्या, एक जाम होती, ती साफ करून ग्रीस लावलं. दुसऱ्या बाजूचं चाकही तसंच. सगळ्याचे मिळून जेवढे पैसे झाले त्यात सर्व्हिस सेंटरच्या अंदाजपत्रकातला लिंक रॉडसुद्धा आला नसता.

"म्हणजे मागच्या वेळी डिस्क बदलायलाच नको होत्या?" मेव्हण्यानं विचारलं.

"बदला की," मिस्त्री म्हणाले. "पर हब त्योच हाय न्हवं?"

मला वाटतं सर्व्हिस सेंटरचंही यात फारसं वाईट डोकं नव्हतं. अंदाजपत्रकाच्या टॅबमध्ये प्रत्येक सुट्या भागाला नंबर आहे, किंमत आहे. हब घासण्याला नंबर नाही, पॉलिश पेपरच्या तुकड्याला बारकोड नाही. ज्याचं बिल होत नाही ते काम होत नाही, एवढंच.

मिस्त्रींनी जाताना मेव्हण्याला एक गृहपाठ दिला. कागलकडं मोकळा रस्ता बघून ताशी 60 वरून 10 पर्यंत बेताचा ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. म्हणजे पॅडचा लेप डिस्कवर सगळीकडं सारखा बसतो. मेव्हण्यानं तो गृहपाठ शाळेत कधी केला नसेल इतक्या मनानं केला. मग 100 वरून ब्रेक मारून बघितला. गणपतीपुढचं जास्वंद जागचं हललं नाही. मामा शेजारी होते. ते एवढंच म्हणाले, "गिअर खाली टाकला असतास तर ब्रेकच लागला नसता."

आता मेव्हणा स्वतः तज्ज्ञ आहे. त्याच्या ऑफिसात कुणाचीही गाडी कशानंही हलली, तरी तो डबा खाता खाता सांगतो, "हब घासून घ्या." परवा एकाची गाडी क्लच सोडताना थरथरत होती, त्यालाही त्यानं हब घासायला पाठवलं. कधी थरथरते, हे त्यानं विचारलं नाही.

तुमची थरथरत असेल तर लाथ मारण्याआधी आणि डिस्क मागवण्याआधी डायल लावायला सांगा. नव्या डिस्क घालणार असाल तर जुन्या निघाल्यावर स्वतः वाकून हब बघा. तो चकचकीत नसेल तर नवी डिस्क चढवू देऊ नका. आणि चाक कशासाठीही निघो, साधं पंक्चर काढायला का असेना, नट आवळताना तिथं उभे राहा; नट कमीजास्त आवळले तरी डिस्क तिरकी बसते. समोरासमोरचे नट आलटून-पालटून, हातानं बसवून, आणि शेवटचा दाब टॉर्क रेंचचा. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, छोट्या गाडीला 100 न्यूटन-मीटरच्या आसपास. गन घेतलेलं पोरगं म्हणेल, "काय होत न्हाई ओ काका." होतं.